बाईंनी सोडून दिलेला खुंटा

रोह्याला लेकीकडे होतो. जावई नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता, आंघोळीला गरम पाणी मागत होता, आणि मी ओटीवर चहा फुंकत बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या शुभांगीताई. आमच्या जर्मनबाईंच्या हाताखाली शिकलेल्या, आता स्वतःच कॉलेजात प्रोफेसर. एरवी फोन केला की पहिला सवाल, "दामूकाका, जिताडा मिळतोय का बाजारात?" त्या दिवशी माशाचं नाव काढलं नाय. मीच म्हटलं, "गेल्या काय बाई?" "हो काका. काल सकाळी. त्यांच्या गावी." मी फोन खाली ठेवला आणि आत बघून ओरडलो, "सुरेखा, तुझी जर्मनआत्या गेली गो." लेक भाकरी थापत होती. हात परातीत तसाच राहिला, तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला. मग ती काय म्हणाली माहीत हाय? "बाबा, आता त्या खुंट्याचं काय?"

माणूस मेल्यावर असं कोण विचारतं! पण आमच्या घरात तो खुंटा म्हणजे एक माणूसच होता. जेवताना त्याची आठवण निघायची, भांडणात त्याचं नाव निघायचं. लेकीचा सवाल बरोबरच होता. सांगतो... पहिल्यापासून सांगतो, नायतर तुमच्या ध्यानात काय यायचं नाय.

शुभांगीताई म्हणाल्या, पेपरच्या पुरवणीत बाईंवर लिहा, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात. मी चौथी शिकलेला माणूस, आणि मला गोड लिहिता येत नाय. बाई हट्टी होत्या. जेवायची वेळ पाळायच्या नायत. हातात फावडं आलं की समोर कोण उभं हाय ते त्यांना दिसायचं नाय. पण एवढ्या वर्षांत बाईंइतकं माझं रक्त कोणी उसळवलं नाय, हे पण खरं. आज लिहितानाही पायाच्या तळव्याला चिखल लागल्यासारखं वाटतंय.

नाव डॉक्टर इल्झे लिंडहोर्स्ट. जर्मनीतल्या मोठ्या कॉलेजात शिकवायच्या. जमीन खणायची आणि जुनी माणसं कशी जगली ते शोधायचं, हे त्यांचं काम. आमच्या तोंडात इल्साबाय. आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, खारेपाटात. खारेपाट ज्यांनी पाहिलेला नाय त्यांच्यासाठी सांगतो : एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताचं शेत, मध्ये मातीचा बांध. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलात तर खाडीचं पाणी वर दिसतं आणि शेत खाली. म्हणजे बांध हाय तोवर भात, बांध गेला की खाजण, नुसता खारा चिखल. एवढीच आमची पोथी.

बाई पहिल्यांदा आल्या ते माझ्या लग्नाचं वर्ष. पारू घरात नवी, अजून माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायची. पेणहून एसटीनं आल्या, पुढं पायी. उंच, उन्हानं लाल झालेल्या, पायात बूट, डोक्यावर टोपी. बरोबर पुण्याचा एक मास्तर, बोलणं सांगायला. तेव्हा गावच्या बांधाची राखण गोमा आजाकडे. म्हातारा काटक, जिभेला हाड नाय. बाईंनी विचारलं, हा बांध कोणी बांधला? आजा म्हणाला, "आमच्या बापानं." त्याच्या आधी? "त्याच्या बापानं." आणि त्याच्या आधी? आजा तापला. "तुझ्या बापाला किती बाप होते ते तू आधी सांग, मग मी सांगतो!" पुण्याचा मास्तर लालेलाल. सांगेचना. बाई त्याच्या मागेच लागल्या, काय म्हणाले, काय म्हणाले. शेवटी त्यानं सांगितलं बिचाऱ्यानं, खाली मान घालून. बाई पोट धरून हसल्या. तिथंच बांधावर फतकल मारून बसल्या आणि बोटांवर आपले बाप मोजायला लागल्या. आजानं तंबाखूची डबी पुढं केली. झालं. त्या दिवसापासून बाई गावच्या.

त्यांचं म्हणणं काय होतं ते मला कळायला दोन हिवाळे गेले. शिकलेले लोक म्हणत, हे बांध राजांच्या, सरकारांच्या हुकमानं झाले, आणि ते पण फार जुने नायत. बाईंना ते पटत नव्हतं. त्या म्हणत, हुकूम लिहिणारे मागून आले. त्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी आपल्या आपण, हातानं चिखल टाकून समुद्र मागं सारला. मी एकदा विचारलं, "तुम्हाला काय करायचंय बाई? बांध आमचा." तेव्हा त्यांनी आपल्या गावाचं सांगितलं. त्यांचा गाव पण समुद्राच्या खाली! तिकडे उत्तरेला, थंड समुद्र, पण असाच बांध, असाच चिखल. आणि तिथली जुनी चाल अशी की, ज्या शेतकऱ्याला आपल्या वाट्याचा बांध राखता येत नाय त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि गाव सोडायचा. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि त्याच्याच डोक्यावर तो बांध. त्यांच्या आज्याच्या शेजाऱ्यानं असं फावडं रोवलेलं घरातल्यांनी पाहिलं होतं. गोमा आजाला ही चाल फार आवडली. चुलत भावाकडे बघून म्हणाला, "ही आपल्यात पण ठेवा रे. काहीजण उद्याच निघतील."

पहिल्याच वर्षी आम्ही बाईंची वाट लावली, ते पण प्रेमानं. बांधाच्या आतल्या अंगाला, अगदी पायथ्याशी, बाईंनी खड्डा खणायला घेतला. चौकोनी, भिंती अशा तासलेल्या की गवंडी लाजेल. दोरे लावलेले, चिठ्ठ्या टोचलेल्या. छातीएवढा खोल गेला आणि बाईंना काही कामाला पुण्याला जावं लागलं. इकडे अमावास्येचं उधाण आलं. बांधाच्या पायथ्याशी उघडा खड्डा! आमच्यात ते बघवत नाय हो. झोपडीत पेटता दिवा ठेवून बाहेर जावं तसं ते. आजानं हाक दिली, सगळा गाव जमला आणि आम्ही तो खड्डा बुजवला. नुसता बुजवला नाय, थर देऊन, पेंढा घालून, पायानं मळून, वरून सारवून पक्का केला. पारूनं तर शेवटी हात फिरवून गुळगुळीत केलं. बाई आल्या. बांधावरून चालत आल्या, थांबल्या, पुढं गेल्या, मागं आल्या. "दामूभाऊ, माझा खड्डा कुठे?" मी छाती काढून म्हटलं, "काळजी नको. बुजवला. असा बुजवलाय की तुमच्या नातवाला पण सापडायचा नाय."

त्यानंतर बाई जर्मनमध्ये जे काय बोलल्या ते कोणाला कळलं नाय, पण बगळे उडाले. चिठ्ठ्या टोचलेल्या भिंती, महिनाभराची मेहनत, सगळं चिखलात. पारू रडायला लागली. तिला वाटलं आपण एवढं गुळगुळीत केलं तरी हिला आवडलं नाय. बाईंनी ते पाहिलं. मग खाली वाकून त्या सारवणावर हात फिरवला, बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "पेंढा घातला?" "व्हय." "का?" "पेंढ्याबिगर चिखल धरत नाय." बाईंनी खिशातून पेन्सिल काढली! राग गेला कुठच्या कुठे. पारूला समोर बसवलं आणि पेंढा कधी, किती, कसा आडवा टाकायचा, सगळं विचारून घेतलं. पण त्या दिवशी गावानं ठरवून टाकलं : बांधाजवळ कोणी खणायचं नाय. बाईंनी मान डोलावली. जिथे त्यांचा सवाल होता तिथेच हात लावायची बंदी. तरीही दर हिवाळ्याला येत राहिल्या. दुसरीकडे खणायच्या, मोठमोठ्या जागी, तिकडे प्रोफेसर झाल्या, पोरं शिकवली, डोक्यावर पांढरं दिसायला लागलं. पण पौष आला की आमच्या ओटीवर मुक्काम. पारूकडून मराठी शिकल्या. म्हणजे आमची. पुण्यात मोठ्या सभेत "मला काय म्हाईत नाय" म्हणाल्या आणि सगळे हसले, हे त्या आम्हाला अभिमानानं सांगायच्या. मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लावली की मडकं निवायच्या आधी हात घालायच्या, भाजायचं, तरी घालायच्या.

आता तो दिवस. त्या वर्षी बाई कोजागिरीलाच आल्या होत्या. भात पिकलेलं, कणसं वाकलेली, कापणी तोंडावर. पुनवेचं उधाण. पहाटे ओरड उठली, "खांड गेलीऽऽ! खांड गेलीऽऽ!" बांध फुटला की आम्ही खांड गेली म्हणतो. कारण चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ. अंगठा जाईल एवढं भोक असतं ते, त्यात उधाणाचं पाणी शिरतं आणि सकाळपर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट होते. त्या ओरडीला घरात कोणी राहत नाय. बांधावर सुतक नाय, भांडण नाय, मानपान नाय. ज्यांचा म्हातारा आदल्या दिवशी गेला होता ती पोरं भादरलेल्या डोक्यांनी आली होती. ज्यांची कोर्टात केस चालू होती ते दोघे भाऊ एकाच घमेल्याला हात लावून उभे. ओहोटी वेळेवर लागली होती, आत आलेलं थोडं पाणी बांधालगतच्या चरातच थांबून उतरलं होतं. दुपारची भरती यायच्या आत खांड बुजली पाहिजे, नायतर सगळं शेत खारं.

बाई अनवाणी धावत आल्या, हातात ती त्यांची छोटी थापी. खांडीच्या तोंडाशी आल्या आणि किंचाळल्या. मला वाटलं पाय कापला. "दामूभाऊ! बघा! बघा हे!" मी बघितलं... आणि माझ्या पण अंगावर काटा आला. रोज ज्याच्यावरून चाललो तो बांध फणस चिरावा तसा उभा चिरला होता. आतले थर उघडे! चिखलाचा थर, वर काळी रेघ, पुन्हा चिखल, पुन्हा काळी रेघ. त्या रेघा म्हणजे पेंढा. आम्ही घालतो तसाच. खाली, आणखी खाली, माणसाच्या उंचीच्या खाली, पेंढाच पेंढा. बाई थापीनं एकेक रेघ दाखवत होत्या आणि ओरडत होत्या, "पारूबाय, तुझाच हात! बघ, खालपर्यंत तुझाच हात!" पारू डोक्यावर चिखलाची ढेप घेऊन उभी आणि हसतेय. ज्या बंदीमुळे बाई इतकी वर्षं बांधाला हात लावू शकल्या नव्हत्या, तो बांध खाडीनं स्वतः उघडून दिला होता... फक्त एका ओहोटीपुरता.

गोमा आजा थकला होता, पण काठी टेकून हुकूम देत होता. माणसं खाजणातून चिखल कापतायत, बायांची रांग लागलीय, ढेपा हातोहात येतायत. आजा म्हणाला, उत्तरेकडून भरत या. तेवढ्यात बाईंनी उत्तरेच्या कडेचं चित्र काढून घेतलं, मी टेप धरला, त्यांचा हात कागदावर असा चालत होता की पेन्सिल मोडली, दुसरी घेतली. मग उत्तरेची कड झाकली गेली आणि खांड अरुंद होत दक्षिणेकडे सरकली. बाई दक्षिणेच्या कडेला गेल्या. अगदी तळाशी, सगळ्या थरांच्या खाली, जिथे पाणी परत झिरपायला लागलं होतं, तिथे त्यांना तो दिसला. खुंटा. खाडीतल्या तिवराच्या लाकडाचा, काळा पडलेला, मुठीएवढं डोकं वर, बाकी आत. तिरपा ठोकलेला. आम्ही आजही बांधाच्या पायात ठोकतो तसाच.

बाई खुंट्याशी वाकल्या. पुटपुटत मला म्हणाल्या, हे लाकूड मिळालं की त्यावरून वर्षं काढता येतात. चिखल-पेंढा कुठूनही आणलेला असू शकतो, पण ठोकलेला खुंटा जिथल्या तिथे असतो; ज्या दिवशी ठोकला त्या दिवशी बांध सुरू झाला. हाच! त्यांनी नखानं टवका काढून पाहिला, तर लाकूड भिजून गुळासारखं झालेलं, बोटांत विरघळलं. अख्खा काढायला हवा, भोवतीच्या चिखलासकट, सावकाश. आणि तो ओढला की दक्षिणेची अख्खी कड बसणार, हे कोणाला सांगायला नको होतं. बाईंनी खुंट्याभोवती मूठ आवळली आणि वर बघून म्हणाल्या, "एक भरती थांबा. फक्त एक."

सगळं थांबलं. ढेपा हातात तशाच. कोणीतरी मागून म्हणालं, "बाई येडी झाली." आजा काठी टेकत कडेला आला. रागावला नव्हता, तेच जास्त भीतीचं वाटलं. म्हणाला, "बाई, एक भरती आत आली तर तीन वर्षं भात नाय. तीन वर्षं माझ्या गावानं काय तुझा खुंटा चावायचा?" बाई गुडघाभर पाण्यात. मूठ सोडीनात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या माणसानं अर्धं आयुष्य ज्याच्यामागे घातलं ते हातात आलं होतं, अक्षरशः हातात! तेव्हा पारू खाली उतरली. कमरेवर ढेप. तिनं बाईंचा हात ओढला नाय, काय नाय. फक्त विचारलं, "इल्साबाय, तुझ्या गावात तू काय केलं असतंस गो?"

पाणी मांडीला लागलं. मग मूठ सुटली... एकेक बोट सुटताना मी पाहिलं. बाईंनी पारूच्या कमरेवरची ढेप घेतली, खुंट्यावर ठेवली आणि टाच मारून दाबली. मग वर हात केला आणि ओरडल्या, "आणा! बघता काय? आणा!"

अहो, काय दिवस होता तो! बाई खाली, पारू शेजारी, ढेपांवर ढेपा, पाणी चढतंय, आम्ही चढतोय, आजा वरून शिव्या देतोय, पोरं पेंढा टाकतायत. सूर्य डोक्यावर आला तेव्हा भरती बांधाच्या पोटाला लागून उभी राहिली. आणि बांधानं धरलं! मागं पिवळं भात सुकं ठणठणीत. नारळ फुटला, आणि असा ओरडा झाला की पलीकडच्या गावचे लोक बांधावर आले, यांच्याकडे लग्न हाय की काय म्हणून. बाईंचे नुसते डोळे दिसत होते, बाकी सगळा चिखल. त्या हसत होत्या की रडत होत्या ते चिखलामुळे कळलं नाय. पारूनं त्यांना विहिरीवर नेऊन म्हशीसारखं धुतलं.

पुढं काय झालं ते शिकलेल्यांच्या जगात झालं. काही वर्षांनी रोह्याला बाईंचं व्याख्यान होतं, आम्ही नवरा-बायको गेलो. बाईंनी उत्तरेच्या कडेचं चित्र दाखवलं, थर दाखवले, मग खुंट्याचं सांगितलं. एक विद्वान गृहस्थ उठले. "मॅडम, हे लाकूड कुठे आहे?" "बांधात." "मग काढा." "त्याच्या मागे भात आहे." सगळा हॉल हसला. ते गृहस्थ पण चुकीचं बोलत नव्हते. पुरावा म्हणजे पुरावा. बाहेर आल्यावर पारू म्हणाली, "काय गो, हरलीस?" "हरले." "भूक लागली?" "लागली." कुंडलिका नदीच्या काठी बसून आम्ही वडे खाल्ले. बाईंनी सगळ्यात जास्त खाल्ले. शुभांगीताई सांगतात, त्यांनी आपल्या जाड पुस्तकातही तसंच लिहिलं, की खुंटा मी पाहिला, माझ्याकडे नाही, तो जिथे आहे तिथे त्याचं काम करतो आहे. बाकीचे म्हणाले हे वाक्य काढा, हसं होईल. त्यांनी काढलं नाय. त्यांच्या कॉलेजातली सगळ्यात मोठी खुर्ची दुसऱ्याला गेली. बाईंचा राग यायचा मला कधीकधी. म्हणायचो, "एकदा तरी खुंटा मागा गावाकडे. पारू सांगेल सगळ्यांना." त्या माझ्याकडे असं बघायच्या की मी विषय बदलायचो.

पारू गेली त्या हिवाळ्यात बाई आल्या. लोक येऊन सांत्वनाचं बोलून गेले होते, माझे कान किटले होते. बाई आल्या, मागच्या अंगणात गेल्या, मोड आलेले वाल पाण्यात होते ते घेऊन सोलत बसल्या. पारूच्याच पाटावर. बोलल्या नायत. मी पण समोर बसलो. सगळे वाल सोलून झाले, मी आमटी केली, ताट वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मीठ नाय." पारू गेल्यापासून लेक, जावई, शेजारी सगळे माझ्या हातचं 'छान झालंय' म्हणून खात होते! मी जो हसायला लागलो तो हसता हसता कधी फुटलो ते कळलं नाय. बाईंनी उठून मिठाची बरणी आणली, माझ्या ताटात घातलं आणि पुन्हा जेवायला बसल्या.

शेवटचं येणं मागच्या हिवाळ्यातलं. हातात काठी होती. गाव पण बदललं होतं. पोरं कंपनीत, पलीकडची खार, म्हणजे बांधाखालचं शेत, फुटली ती कोणी बुजवलीच नाय, तिथे आता तिवरांचं रान. मोठ्या बांधामागे चार घरं तेवढी भात लावतात. खुंटा गाडलाय तिथल्या वाकणावर, म्हणजे बांध वळतो तिथे, आम्ही उभे होतो. मी म्हटलं, "बाई, आता फोडू या. चार घरांचं काय, दुकानातून तांदूळ आणतील." बाईंनी काठी माझ्या पोटाला लावली. "पारू असती तर तुला खाडीत ढकललं असतं." मग शेताकडे बघून विचारलं, "कणसं भरली या वर्षी?" "भरली." "मग?"

तर खबर आली, आणि मी रोह्याहून गावी परतलो. परवा अमावास्येचं उधाण होतं. सकाळी बांधावर गेलो. वाकणावर, त्याच जागी, बांधाच्या आतल्या अंगाला माती ओली दिसली. पाणी पाझरत होतं. पलीकडे वाकून बघितलं, तर चिंबोरीचं बीळ. ताजं. भरती चढायला लागली होती.

खिशात फोन होता. खोटं नाय सांगत, मी उभा राहिलो. काय करायचं नव्हतंच मला. फक्त बुजवायचं नाय, एवढंच. मी घरी जाऊन चहा प्यायलो असतो तर खाडीनं तिचं काम केलं असतं. शुभांगीताईंना कळवलं असतं तर त्या सगळी मंडळी घेऊन उद्या ओहोटीला हजर, आणि खुंटा उघडा. दोष कोणाचा? चिंबोरीचा. बाई जिंकल्या असत्या. त्या रोह्याच्या हॉलात हसलेल्यांपैकी जे उरलेत त्यांची तोंडं मला दिसत होती. पाणी बिळाच्या तोंडाशी आलं, आत शिरलं, आणि आतल्या अंगाला जाड धार सुटली.

मी ओरडलो. "खांड जातेऽऽ!" म्हाताऱ्याचा आवाज तो, कुठवर जाणार? पण चार घरांतून माणसं आली. बळीराम आला, माझ्याच वयाचा, गुडघे धरून. त्याची सून फावडं घेऊन धावली. सुट्टीवर असलेला एक पोरगा पँट वर सारून चिखलात उतरला, पेंढा घालायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं, शिव्या देऊन शिकवलं. मी बिळावर ढेप ठेवली आणि टाच दाबून उभा राहिलो, ते वरून टाकत गेले. बळीराम धापा टाकत म्हणाला, "दाम्या, येडा का खुळा तू? तुझी बाई गेली, खुंटा आयता वर येत होता. येऊ द्यायचास की!"

"तुझ्याकडे आज काय शिजलंय?" मी विचारलं.

"भात."

"कुठला?"

त्यानं बांधामागच्या शेताकडे बघितलं.

"मग टाक चिखल."

टाकला त्यानं. भरती आली, ढेपांना लागली, वर चढली, उभी राहिली. आतल्या अंगाची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. पोरगा "धरलं, धरलं!" म्हणून नाचायला लागला, पहिल्यांदाच बघत होता ना तो. मी तसाच उभा. पाय बधिर झाला होता, तरी टाच सोडवेना. शेवटी बळीरामाची सून जवळ आली, माझ्या दंडाला धरून म्हणाली, "काका, सोडा आता. बांधानं धरलंय."